गुप्त ग्राहक: जोडकमाईच्या एका धंद्यामागची दीडशेहून अधिक वर्षं

‘दुकानात जा, खरेदी करा, अनुभव लिहून पाठवा आणि पैसे मिळवा’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सतत येतात. मिस्ट्री शॉपर, म्हणजे ओळख न देता सामान्य गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि पाहिलेलं कंपनीला कळवायचं, हे काम खरंच असतं. त्याच्या नावाखाली होणारी फसवणूकही तितकीच खरी आहे. दोन्हींची मुळं एकाच इतिहासात आहेत आणि तो सुरू होतो दुकानात नव्हे, तर रेल्वेच्या डब्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रेल्वेचे फाटे झपाट्याने वाढत होते. वाटेतल्या छोट्या ठाण्यांवर तिकीटघरं नसत. तिथे चढलेला प्रवासी भाड्याचे पैसे थेट कंडक्टरच्या हातात ठेवी. त्यातले किती कंपनीच्या तिजोरीत पोहोचले आणि किती वाटेतच जिरले, हे शेकडो मैलांवर बसलेल्या मालकांना कळायला मार्ग नव्हता. ॲलन पिंकर्टन या स्कॉटलंडहून आलेल्या गृहस्थाने शिकागोत खासगी गुप्तहेर संस्था काढली होती. १८५५ मध्ये मध्य-पश्चिमेतल्या रेल्वे कंपन्यांनी त्याच्याशी करार केला. त्याची माणसं साधे प्रवासी बनून गाडीत बसत, कोण कुठे चढलं, कोणी रोख दिले, हे मनात टिपून घेत. मग तो हिशोब कंडक्टरने भरलेल्या रकमेशी ताडून पाहिला जाई. त्याच वर्षी ऑस्कर कॉल्डवेल नावाच्या एका कंडक्टरवर खटला भरला गेला आणि त्याला शिक्षा झाली.

या माणसांना तिकडे ‘स्पॉटर’ म्हणत आणि रेल्वेतले कामगार त्यांचा मनापासून तिरस्कार करत. आपल्या एसटीतही तिकीट तपासनीस असतात, पण तो गाडीत चढला की तपासणी चालू आहे हे कंडक्टरला आणि प्रवाशांना लगेच कळतं. स्पॉटर कोण हे कधीच कळत नसे. शेजारी बसलेला, हवापाण्याच्या गप्पा मारणारा माणूसच उद्या आपली नोकरी घालवील, या संशयात कंडक्टरला अख्खा प्रवास काढावा लागे. त्यात स्पॉटरच्या मोजणीत चूक झाली तर कंडक्टरने दाद कुणाकडे मागायची? मला हा या धंद्याचा जन्मदोष वाटतो. खर्च मालकाचा, नजर सगळ्यांत खालच्या पगारदारावर आणि त्या पगारदाराला उत्तर द्यायची सोय नाही. पुढे पद्धती सुधारल्या, पण हा दोष पुरता गेलेला नाही.

रेल्वेनंतर पाळी आली दुकानांची. १८७९ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी जेम्स रिटी या सलूनमालकाने नोकरांच्या हातून गल्ल्यातले पैसे गळू नयेत म्हणून विक्री नोंदवणारं यंत्र बनवून त्याचं पेटंट घेतलं. हेच कॅश रजिस्टर. पण विकणाऱ्याने बटण दाबलंच नाही, तर यंत्राला विक्री झाल्याचं कळणार कसं? म्हणून पुन्हा माणूस लागला. बड्या दुकानांत ओळख न देता जाणारी ही माणसं मोजून बरोबर तितकेच सुटे पैसे विक्रेत्यापुढे ठेवत आणि पावतीसाठी न थांबता घाईने निघून जात. मोह व्हावा अशीच ती वेळ असे. संध्याकाळी यंत्राच्या कागदी पट्टीवर ती रक्कम उमटली आहे का, ते पाहिलं जाई. म्हणजे तेव्हा सगळी परीक्षा इमानाची होती. विक्रेता हसला का, माल नीट दाखवला का, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. ‘मिस्ट्री शॉपिंग’ हे नाव १९४० च्या दशकात विलमार्क या अमेरिकन कंपनीने रूढ केलं, असं या व्यवसायात सर्रास सांगितलं जातं.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच नावाची शेकडो दुकानं आणि उपाहारगृहं गावोगावी उघडू लागली आणि मालकाची काळजीच बदलली. कुठल्याशा गावातल्या शाखेत बटाट्याच्या काचऱ्या गार दिल्या, तर बदनामी पाटीवरच्या नावाची. त्यामुळे चोरीसोबत सेवेचं मोजमाप सुरू झालं. किती मिनिटांत दखल घेतली, नमस्कार केला का, छातीवर नावाची पट्टी होती का, स्वच्छतागृहात साबण होता का, अशी प्रश्नपत्रिकाच तयार झाली. ती भरायला गुप्तहेर कशाला हवा? गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, कोणीही चालत होतं, उलट खरं गिऱ्हाईक वाटेल असा माणूसच हवा होता. चार पैसे जास्तीचे मिळवून देणारं काम म्हणून याची ओळख इथून पुढची. १९९८ मध्ये अमेरिकेत अशा कंपन्यांची व्यापारी संघटना उभी राहिली. इंटरनेट आल्यावर कामांचं वाटप संगणकावर होऊ लागलं, आणि २०१० नंतर स्मार्टफोनमुळे शेल्फचा फोटो काढून पाठवण्याइतकी छोटी कामंही बाजारात आली.

हे झालं धंद्याचं. हेच तंत्र मालकाच्या हातातून सुटून सामान्य माणसाच्या बाजूने वापरलं गेलं, तो इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे नजर खालून वर गेली.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घर देताना वर्णभेद करायला मनाई झाली. पण ‘सध्या जागा रिकामी नाही’ असं तोंडावर गोड बोलून सांगितलं, तर भेदभाव सिद्ध कसा करायचा? नागरी हक्कांच्या संघटनांनी जोड्या पाठवायला सुरुवात केली. आधी कृष्णवर्णीय व्यक्ती जाई, मग गोरी, आणि बाकी सगळा तपशील सारखा. दोघांना मिळालेली उत्तरं शेजारीशेजारी ठेवली की वेगळा पुरावा लागत नसे. व्हर्जिनियातलं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८२ च्या त्या निकालात न्यायालय म्हणालं, की कृष्णवर्णीय चाचणीकर्तीला खरोखर घर घ्यायचं नसलं तरी तिला खोटी माहिती देण्यात आली आणि कायद्याने दिलेला खऱ्या माहितीचा हक्क त्यामुळे मोडला, म्हणून ती दावा करू शकते. गोऱ्या चाचणीकर्त्याला खरी माहिती मिळाली होती, त्यामुळे त्या कारणाने त्याला दावा लावता आला नाही. बनावट गिऱ्हाइकालाही खरा हक्क असतो, हे तिथे कायद्यात नोंदलं गेलं.

वैद्यकीय शिक्षणातही याच सुमारास असंच काही घडत होतं. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने धडधाकट व्यक्तीला रुग्णाची लक्षणं पढवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं. हेतू परीक्षेचा होता. पुढे संशोधकांनी अशा पढवलेल्या रुग्णांना चालू दवाखान्यांत पाठवलं आणि तिथे आपला देश या कथेच्या मध्यभागी येतो. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत हृदयविकार, दमा आणि मुलाच्या आवेची तक्रार घेऊन असे ‘रुग्ण’ पाठवले. २०१२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात डॉक्टर म्हणून बसलेल्यांनी एका रुग्णाला सरासरी चार मिनिटंसुद्धा दिली नव्हती, आणि त्यांतल्या बहुसंख्यांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती. त्यानंतर २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत क्षयाची लक्षणं सांगणारे लोक गेले. अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या. त्यांतल्या सुमारे ३५ टक्के भेटींतच रुग्णाला योग्य तऱ्हेने हाताळलं गेलं. खोकल्याला घाबरून गल्लीतल्या डॉक्टरकडे जाणाऱ्या मुंबईकराला नेमकं काय मिळतं, हे रुग्ण बनून आत गेल्याशिवाय इतक्या नेमकेपणाने कळलं नसतं. डॉक्टरांना प्रश्नावली भरायला दिली असती, तर सगळी उत्तरं पुस्तकातली आली असती.

पैशाच्या व्यवहारात तर या तंत्राने मोठ्यांनाही घाम फोडला. ब्रिटनच्या वित्त नियामकाने सहा बड्या संस्थांमध्ये २३१ गुप्त भेटी घडवल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. जवळपास चौथाई भेटींत सल्ला चुकीचा तरी होता, किंवा तो देण्यापुरती माहितीच ग्राहकाला विचारलेली नव्हती. पुढच्या वर्षी सँटान्डर बँकेच्या ब्रिटिश शाखेला सुमारे १ कोटी २४ लाख पौंडांचा दंड झाला, त्याची सुरुवात या भेटींतूनच झाली होती. भारतात संतोष अनागोळ, शॉन कोल आणि शयाक सरकार या संशोधकांनी आयुर्विमा एजंटांकडे गुप्त ग्राहक पाठवले. एजंटांनी बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या सोयीची नव्हे, तर आपल्याला जास्त कमिशन देणारी पॉलिसी पुढे केली. गिऱ्हाइकाची समजूत चुकीची असली, तरी ती दुरुस्त न करता तिच्यावरच माना डोलावल्या. आणखी बोलकी गोष्ट पुढे आहे. एका प्रकारच्या पॉलिसीवरचं कमिशन उघड करण्याची सक्ती झाली, तेव्हा एजंट ती सोडून अशा दुसऱ्या पॉलिसीची शिफारस करू लागले, जिला ती सक्ती नव्हती. नियम करणाऱ्यांच्या हाती इतकी सरळ माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येणं अवघड होतं.

महाराष्ट्रात मात्र बनावट गिऱ्हाइकाचं सर्वांत धाडसी रूप कुठल्याही कंपनीने घडवलेलं नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या राज्याने केला. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. पण बंद खोलीतल्या सोनोग्राफीत डॉक्टर कुजबुजत काय सांगतो, याला साक्षीदार कुठून आणायचा? साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने गरोदर बायकांना तयार करून अशा केंद्रांत पाठवलं आणि प्रकरणं न्यायालयात नेली. वर्तमानपत्रं ‘डमी ग्राहक’ किंवा ‘बनावट रुग्ण’ म्हणून दोन ओळींत उल्लेख करतात. पोटात मूल घेऊन एक बाई त्या खोलीत जाते, तिथल्या टेबलावर झोपते आणि नंतर वर्षानुवर्षं उलटतपासणीला उभी राहते, हे त्या दोन ओळींत मावत नाही. या कामात कमाई नाही, उलट पदरचं जातं. देशपांडे यांना २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

कंपन्यांचं गुप्त ग्राहकाचं काम भारतात रुजलं ते १९९१ च्या उदारीकरणानंतर. मोटारींची शोरूम, मोबाइल कंपन्यांची दालनं, बर्गरची साखळी दुकानं, खासगी बँका असे बाहेरून आलेले आणि त्यांच्यासारखे चालणारे उद्योग आपल्यासोबत ही पद्धतही घेऊन आले. मुंबई, पुण्यात आज हे काम करणारे पुष्कळ आहेत. एका भेटीला साधारण काहीशे रुपये आणि सांगितलेल्या खरेदीची भरपाई मिळते. त्यासाठी आधी सूचनांची पानं वाचायची, ठरलेल्या वेळेत जायचं, बिलाचा फोटो काढायचा, मिनिटांचा हिशोब लक्षात ठेवायचा आणि बहुधा चोवीस तासांत लांबलचक अहवाल भरायचा. उत्तर अर्धवट राहिलं तर अहवाल परत येतो, पैसेही अडतात. प्रवासाचा वेळ धरला, तर तासाचा दर फारसा उरत नाही. ज्याला निरीक्षणाची आवड आहे आणि हाताशी मोकळा वेळ आहे, त्याला हे जमतं. घर चालवण्याएवढं उत्पन्न त्यातून येत नाही आणि कधी येतही नव्हतं.

फसवणूक नेमकी या ‘जास्तीच्या चार पैशां’च्या आशेवर उभी राहिली. अमेरिकेत तिची रीत ठरून गेली. टपालाने मोठ्या रकमेचा चेक येई. तो खात्यात भरा, थोडे पैसे मेहनताना म्हणून ठेवा आणि मनी ट्रान्सफरच्या दुकानाची सेवा तपासण्यासाठी उरलेले अमुक नावाने पाठवा, असं ‘काम’ त्यासोबत असे. तिथल्या कायद्याप्रमाणे बँकेला चेकची रक्कम काही दिवसांतच खात्यात वापरायला द्यावी लागते. चेक खोटा असल्याचं उघड व्हायला मात्र कधी कधी आठवडे लागतात. तोवर पैसे गेलेले असत आणि बँक वसुली करी ती खातेदाराकडून. २००९ मध्ये मनीग्रॅम या मनी ट्रान्सफर कंपनीने अमेरिकी व्यापार आयोगाशी १ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. आपल्या जाळ्यातून ठकांना पैसे उकळू दिल्याच्या त्या आरोपात गुप्त ग्राहकाच्या नावाने झालेली फसवणूकही होती.

आपल्याकडे चेकची जागा टेलिग्रामवरच्या ‘टास्क’ने घेतली. हॉटेलला पाच तारे द्या, व्हिडिओला लाइक करा, असं सांगून सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसला, की मोठ्या कमाईसाठी आधी पैसे भरायचा टप्पा येतो आणि तिथून माणूस बुडत जातो. पुण्यामुंबईत शिकलेसवरलेले लोक यात लाखो रुपये घालवून बसले आहेत. त्यांना मूर्ख म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण पहिले पैसे खरे आलेले असतात आणि अशी खरी कामंही जगात असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या अर्धवेळ नोकरीच्या आणि गुंतवणुकीच्या जाळ्यातली शंभराहून अधिक संकेतस्थळं बंद केली. पैसे गेल्याचं लक्षात येताच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवलं, तर पुढच्या खात्यात ती रक्कम अडवण्याची शक्यता असते, आणि त्यात तासातासाने फरक पडतो.

खऱ्या कंपनीची ओळख धंद्याच्या रीतीतूनच पटते. ती नावनोंदणीला पैसे मागत नाही, प्रमाणपत्र विकत नाही, दुसऱ्याच्या खात्यात रक्कम पाठवायला सांगत नाही आणि मेहनताना देते तो अहवाल पास झाल्यावर, कित्येकदा महिन्याभराने.