बाहेरून बीए (नाशिक)

बाहेरून बीए म्हणजे नोकरी, धंदा, शेती नाहीतर घर सांभाळत, रोज कॉलेजात न जाता केलेली कला शाखेची पदवी. विषय मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, हिंदी, इंग्रजी असे. पुस्तकं छापील मिळतात किंवा पीडीएफ मिळते, लेक्चर मोबाईलवर बघायचं, गृहपाठ लिहून द्यायचे आणि परीक्षा मात्र बहुतेक वेळा बेंचवर बसून, पेनाने, कागदावर. नियमांच्या भाषेत हे 'मुक्त व दूरस्थ शिक्षण', विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'मानव्यविद्या', आणि नाशकात नुसतं 'मुक्त'. "कुठून करतेस गं?" "मुक्तमधून." एवढ्यावर समोरच्याला सगळं कळतं. जुनी माणसं अजून "बाहेरून बसलाय" म्हणतात, आणि ते 'बाहेरून' जरा खालच्या सुरातच येतं, म्हणजे आत जे शिकतात ते खरे आणि हे आपले खिडकीतून बघणारे. जाहिरातीतला शब्द वेगळा, तिथे 'घरबसल्या पदवी' असतं. मला विचाराल तर दोन्ही शब्द चुकीचेच आहेत, पण 'घरबसल्या' हा जास्त फसवा.

आधी एक घोळ मिटवू. लोक दूरस्थ आणि ऑनलाइन एकच समजतात, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०२० च्या नियमांत हे दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि संपर्क सत्रं असतात, आणि राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर हा कारभार नेता येत नाही. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, वाचन साहित्य, चर्चा आणि चाचण्या असं सगळं नेटवरून चालतं, तिथे हद्दीची अट नाही, म्हणजे नाशिकच्या सिडकोत बसून दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं एमए करता येतं. बाकी प्रत्यक्षात सरमिसळ झालेलीच आहे, कारण दूरस्थवाल्यांचीही पुस्तकं आता मोबाईलवर आलीत, प्रवेश आणि फी ऑनलाइन आहे, गृहपाठही कुठे कुठे अपलोड करावे लागतात, त्यामुळे बोलताना सगळे "ऑनलाइन करतोय" म्हणतात आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

हे सगळं नाशकात इतकं घरचं वाटतं त्याचं कारण उघड आहे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथलंच. राज्याच्या कायद्याने १ जुलै १९८९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि गंगापूर धरणाजवळ गोवर्धन गावाकडचा तो ज्ञानगंगोत्री परिसर. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गोदावरीचं पाणी अडवलेल्या जागी गंगेचं नाव घेतलंय यात बाहेरच्याला गंमत वाटेल, पण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, घाटावर जाताना 'गंगेवर चाललो' म्हणतो, तेव्हा ते बरोबरच आहे. चव्हाणांचं नाव का, तर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून, पण नाशिकचा धागाही आहेच, १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते.

कल्पना अर्थात त्याहून जुनी. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले, मुंबई विद्यापीठात १९७१ पासून दूरस्थ शिक्षण आहे, ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं. आपल्याकडचं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ ला हैदराबादला झालं, मग १९८५ ला दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या मुक्तची जुनी ओळख म्हणजे बारावी न झालेल्यांसाठीचा 'पूर्वतयारी' कोर्स, शाळा सुटलेल्या कितीतरी जणांनी त्या दारातून बीए गाठलं. हे दार कुणाला कधी उघडं आहे ते मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघावं, शेजाऱ्याच्या मेव्हण्याने दहा वर्षांपूर्वी केलं होतं यावर जाऊ नये.

आता करतं कोण हे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ऑपरेटर असलेले, पोलीस, कंडक्टर, अंगणवाडी सेविका, एमपीएससीवाले, लग्नामुळे एफवायला कॉलेज सुटलेल्या बायका, आणि हल्ली आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं, ज्यांना प्रमोशनच्या फॉर्मवर 'ग्रॅज्युएट' या रकान्यात टिक करायचीय. कला शाखाच का, तर लॅब लागत नाही, प्रॅक्टिकल नाही, वाचून आणि लिहून होतं. "आर्ट्सच आहे, होऊन जाईल" हे वाक्य प्रवेश घेताना प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं असतं, कधी कधी स्वतःच्याच तोंडून.

होऊन जाईलचा हिशोब एकदा करून बघावा. इग्नूमध्ये एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यात वाचन, व्हिडिओ, गृहपाठ सगळं आलं. तिथल्या तीन वर्षांच्या साध्या बीएला १३२ क्रेडिट होते. म्हणजे ३,९६० तास, आठवड्याला २५ च्या वर. आता ४८ तासांची ड्यूटी, जाण्यायेण्याचा वेळ, आणि घरी पाणी कधी येतं त्याप्रमाणे उठायचं, यात २५ तास कुठून काढणार? म्हणूनच तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करायची मुभा दिलेली असते, सहाने भागलं की आठवड्याला साधारण १३ तास येतात, ते जमण्यासारखं आहे. पण सहा वर्षं घेणाऱ्याला नातेवाईक "अजून चालूच आहे का" विचारतात, त्यामुळे सगळे तीनच ठरवतात आणि दुसऱ्या वर्षी दोन पेपर मागे ठेवतात.

वेळ मिळतो तो तुकड्यांत. सेकंड शिफ्टवाला सकाळी दहा ते दोन वाचतो, फर्स्ट लागली की आठवडा गेला, नाइटला झोपेचंच खोबरं. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अप-डाऊन करणारे गाडीत वाचतात, इगतपुरीपर्यंत व्हिडिओ नीट चालतो, मग कसाऱ्याच्या घाटात एकेक बोगदा आला की मॅडमचं तोंड उघडं राहून चित्र थांबतं आणि गोल चक्र फिरत बसतं. दोन-चार दिवसांत माणूस शहाणा होतो, रात्रीच वायफायवर सगळं डाऊनलोड करून ठेवतो. दिंडोरी-निफाडकडच्या पोरांचं गणित तर आणखी वेगळं, इग्नूच्या सत्राच्या शेवटच्या परीक्षा जूनला आणि डिसेंबरला असतात, आणि ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत डिसेंबर म्हणजे डिपिंग-थिनिंगची, घड औषधात बुडवायची आणि विरळ करायची घाई, मजूर मिळत नाहीत, ढग आले की फवारणी. तिथे शहाणा माणूस जड पेपर जूनला ठेवतो.

गृहपाठ, म्हणजे असाइनमेंट, हा लोक सगळ्यात हलक्यात घेतात तो भाग. इग्नूमध्ये साधारणपणे अंतिम निकालात ३० टक्के वजन गृहपाठाला आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेला असतं, इतरत्र प्रमाण वेगळं पण तत्त्व तेच. झेरॉक्सच्या दुकानात 'सोडवलेले' गृहपाठ मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते उतरवणारे दोन तासांत मोकळे होतात आणि परीक्षेत 'शेतकरी चळवळीची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' आलं की तिसऱ्या ओळीला अडकतात, कारण उतरवताना हात चालला होता, डोकं नाही. जिथे अपलोड करायचे असतात तिथे निराळी कसरत असते. फुलस्केपवर लिहिलेली पंचवीस पानं जेवणाच्या टेबलावर ठेवून मोबाईलने स्कॅन करायची, वर ट्यूबलाइट असल्यामुळे प्रत्येक पानावर आपल्याच हाताची आणि मोबाईलची सावली पडते, मग पान खिडकीशी न्यायचं, तर पंख्याने उडतं, कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवायची, तर ती पण स्कॅनमध्ये येते. शेवटी ४० एमबीची फाइल होते आणि साइट पाचच्या वर घेत नाही. माझी एका सत्राची अशी फाइल शेवटच्या रात्री 'सक्सेसफुल' म्हणून गेली आणि निकालात गृहपाठापुढे गैरहजर लागलं, मग स्क्रीनशॉट घेऊन तीन फेऱ्या, त्यात एकदा साहेब जेवायला, एकदा सर्व्हर जेवायला. तेव्हापासून पोचपावती मी छापून ठेवतो.

परीक्षेचं दुखणं वेगळंच. वर्षभर सगळं मोबाईलवर, टायपिंग पण अंगठ्याने, आणि एकदम तीन तास पेनाने लिहायचं. चाळिशीतल्या माणसाचा हात पहिल्या तासातच भरून येतो. मानव्य विषयांत उत्तर लांब असतं, मुद्दे माहीत असून चालत नाही, ते वाक्यात बसवता आले पाहिजेत, आणि हे न लिहिता येत नाही. परीक्षेआधी महिनाभर रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहायचं, यापेक्षा चांगला सल्ला माझ्याकडे नाही. रिफिल नवी घ्यावी.

खरी उणीव मात्र बोलण्याची. रेग्युलर कॉलेजात कॅन्टीनला कोणीतरी म्हणतं, "सरांनी सांगितलं ते मला पटलं नाही," आणि तिथून राज्यशास्त्र सुरू होतं. इथे पटलं नाही तर सांगायचं कुणाला, व्हिडिओला? संपर्क सत्रं रविवारी असतात, पण वर्गात साठ नावं आणि सहा माणसं, आणि त्या सहातली दोन परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो ते विचारायला आलेली. तरी जावं, कारण त्या उरलेल्या चारांतच आपला ग्रुप होतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्वद टक्के 'निकाल कधी' आणि 'गुड मॉर्निंग' असतं, पण दोघंतिघं प्रत्यक्ष भेटणारी मिळाली की अभ्यास चालतो. माझ्या ओळखीतल्या एक ताई पाथर्डी फाट्याकडे ब्लाऊज शिवतात, समाजशास्त्र घेतलंय, मशीनवर बसल्या की मोबाईल शेजारी ठेवून लेक्चर ऐकतात, आणि 'कुटुंबसंस्था' या घटकावर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गिऱ्हाईक मापं देताना काय काय बोलतं हो.

बसायला जागा हा दुसरा प्रश्न. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही एकीकडे आणि पोरं दुसरीकडे, 'घरबसल्या' अभ्यास करणार कुठे? त्यामुळे मुक्तचा विद्यार्थी खरं तर सतत घराबाहेर असतो. नाशकात निदान वाचनालयांची सवय जुनी आहे, सार्वजनिक वाचनालय म्हणजे सावाना १८४० पासूनचं, आणि त्याशिवाय गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्यात, महिन्याच्या फीवर टेबल, लाइट आणि पाणी, भिंतीवर एमपीएससीच्या टॉपरचे फोटो. तिथे इतिहासाचं पुस्तक उघडून बसलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाकडे पोरं आधी 'काका कुणाला शोधताय' अशा नजरेने बघतात, आठवड्याने चहाला बोलावतात.

पदवी चालते का, हा प्रश्न दर प्रवेशाच्या हंगामात येतो. यूजीसीची मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते, सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. एमपीएससीला बसता येतं, पुढे एमए करता येतं. प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर नेट या पात्रता परीक्षेसाठी खुल्या गटाला एमएला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०, तेव्हा 'नुसतं पास झालं तरी बास' हे धोरण तिथे आडवं येतं. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी मिळाली, त्यामुळे रेग्युलर बीकॉम करणारा जोडीला दूरस्थ बीए घेऊ शकतो, फक्त त्याला घरी हे समजावून सांगावं लागतं.

फसवणूक होते ती मान्यतेत. विद्यापीठ खरं असलं तरी तो कोर्स त्या वर्षी दूरस्थला मान्य आहे की नाही हे वेगळं तपासावं लागतं, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या साइटवर यादी असते. २०२४ पासून प्रवेशाआधी स्वतःचा एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा राहतात त्या खात्याचा नंबर, आणि त्यावरून डीईबी म्हणजे याच ब्युरोचा आयडी काढावा लागतो, आधार हाताशी ठेवलं तर काम दहा मिनिटांचं, पण आधारवर एक स्पेलिंग आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर मग दहा मिनिटं विसरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं हमखास इथेच अडतं, गॅझेटची प्रत आधीच काढून ठेवलेली बरी. आणि "एका वर्षात तीन वर्षांची पदवी, परीक्षा आम्ही बघू" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा त्याच्याच पैशाने प्यावा आणि निघावं.

निकाल मोबाईलवर लागतो, बहुतेकदा ड्यूटीवर असतानाच. पीआरएन म्हणजे नोंदणी क्रमांक टाकायचा, साइट हँग, परत टाकायचा. पास झालेला माणूस पेढे वाटतोच असं नाही, कितीजणांनी कंपनीत सांगितलेलंच नसतं की शिकतोय म्हणून, नापास झालो तर कशाला चेष्टा. माझ्या लाइनवरच्या एकाने बीएचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही एचआरला मार्कशीट द्यायची वेळ आली तेव्हा, आणि आम्ही पार्टी मागितली तर म्हणाला, थांबा, एमएचा फॉर्म भरलाय, फीला पैसे गेले.