चोक दिला की चालते, सोडला की बंद पडते

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या मोटारसायकलींच्या प्रत्येक दुखण्याचे खापर त्यावरच फोडले जाते. पावसाळाभर उभी असलेली गाडी चोक दिल्यावर सुरू होते आणि चोक सोडताच बंद पडते, ही तक्रार मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांमुळे नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले, तरी कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्या अजून भरपूर आहेत, आणि हा बिघाड घरीही काढता येतो. फक्त तो कोठे दडलेला असतो हे आधी समजले पाहिजे.

कार्बोरेटरमध्ये हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि फ्लोट बाऊलमधले, म्हणजे तळाच्या वाटीतले, पेट्रोल मेन जेट या बारीक छिद्राच्या नळीतून वर ढकलले जाते. शाळेत शिकलेला बर्नुलीचा सिद्धान्त तो हाच, आणि बहुतेकांचे स्पष्टीकरण येथेच थांबते. परंतु अॅक्सिलरेटर सोडलेला असताना हवेची वाट कमी-जास्त उघडणारी स्लाइड जवळजवळ पूर्ण खाली आलेली असते आणि हवा इतकी थोडी जाते की मेन जेटवर पुरेशी ओढच निर्माण होत नाही. मग इंजिन चालते कशावर? स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पिस्टन हवा ओढत असतो आणि ती पुरेशी मिळत नसल्याने तेथील दाब बराच खाली गेलेला असतो. नेमके त्याच ठिकाणी एक बारीक छिद्र असते आणि ते आतल्या मार्गाने स्लो जेट या दुसऱ्या, अधिक बारीक जेटला जोडलेले असते. आयडलिंगचे, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसते चालू असतानाचे, सारे पेट्रोल, वाटेत थोडी हवा मिसळून, फेसासारखे या एका छिद्रातून येते.

स्प्लेंडरसारख्या गाडीत चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. ती मिटली की आतला दाब सर्वत्र खाली जातो, मेन जेटमधूनही पेट्रोल येऊ लागते आणि स्लो जेटची उणीव झाकली जाते. चोकवरच चालणारी गाडी म्हणूनच बहुधा स्लो जेटचे दुखणे सांगत असते.

स्लो जेटचे छिद्र ०.४ मिलिमीटरचे धरले आणि त्याच्या आतल्या भिंतीवर ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाहूनही पातळ, थर बसला, तर व्यास ०.३ होतो, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते ५६ टक्क्यांवर येते. हा थर साध्या कचऱ्याचा नसतो. साठलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यांतील असंतृप्त हायड्रोकार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना जोडले जातात. त्यातून तपकिरी, चिकट गम तयार होतो. इथेनॉलचा दोष वेगळा: ते पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासह विलग होऊन तळाशी बसते व धातूवर पांढरी भुकटी धरवते.

गम ताज्या पेट्रोलने नीट सुटत नाही. त्याला कार्बोरेटर क्लीनरच लागतो. तो फवारण्यापूर्वी ओ-रिंग आणि गास्केट हे गळती रोखणारे भाग काढून ठेवावेत, कारण रबर फुगते. चष्मा लावावा, कारण एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. काम मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही गाठते. जेट उजेडाकडे धरून पाहिल्यावर छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. कडेला तपकिरी कोर दिसली तर काम अपुरे आहे. पोलादी तार खुपसू नये, पितळ कोरले जाते. लवचीक विजेच्या वायरमधली तांब्याची एक सुटी तार पुरते. जेट चकचकीत करून कार्बोरेटरच्या अंगातला मार्ग तसाच सोडण्याची चूक सर्रास होते. हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढून तेथूनही क्लीनर मारावा. काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवावे आणि आत हलक्या हाताने टेकवावा, अन्यथा त्याचे टोक चेपते.

पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढते, असे सांगणारे विक्रेते सुट्या भागांच्या दुकानांच्या आसपास भेटतात. पेट्रोलच्या ज्वलनावर अशा चुंबकाचा काही परिणाम होत नाही. तेच पैसे नव्या ओ-रिंगांवर खर्चावेत.

जोडणी झाल्यावर मिक्श्चर स्क्रूच्या दिशेची गफलत होते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यास पेट्रोल वाढते. इंजिन गरम असताना पाव-पाव फेऱ्याने फिरवून ज्या ठिकाणी आयडलिंग सर्वांत चढते तेथे थांबावे आणि मग वेग आयडल स्क्रूने उतरवावा. गाडी महिनाभर उभी करायची असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करावा आणि उरलेले पेट्रोल बाटलीत काढून घ्यावे.