गाडीचा रिब बेल्ट घरी बदलताना

स्पेअर पार्टच्या काउंटरवर हा बेल्ट कधी फॅन बेल्ट, कधी अल्टरनेटर बेल्ट, तर कधी एसी बेल्ट म्हणून मागितला जातो. इंजिनच्या बाहेर दिसणारा, आतल्या बाजूला लांबीभर रिब (उंचवट्याच्या रेघा) असलेला चपटा बेल्ट म्हणजे हाच. टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हरच्या आत असतो, त्याला आडवे दाते असतात आणि तो घरी सोडवायच्या भानगडीत पडू नये.

क्रँक पुलीवरून (इंजिन थेट फिरवतं त्या मुख्य पुलीवरून) निघून हा बेल्ट अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही, आणि हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर त्याचा पंपसुद्धा. तुटला की आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर टेम्परेचरचा काटा काही मिनिटांत वर जातो. अशा वेळी "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ" म्हणू नका, इंजिन तिथेच बंद करा. इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं तर त्याचा खर्च बेल्टच्या कित्येक पट असतो.

बेल्ट संपलाय हे कसं ओळखावं

जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडायच्या, त्यामुळे आजही बरेच जण फक्त भेगा बघतात. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना भेगा उशिरा पडतात, पण टायरसारखी झीज होते. रिबमधली खाच रुंद आणि खोल होत जाते, बेल्ट पुलीत जास्त खाली बसतो आणि ओला झाला की घसरतो. म्हणून वरून ठणठणीत दिसणारा बेल्टही पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेल्यावर किंचाळायला लागतो. रिबचे तुकडे उडालेले, कडेचे धागे सुटलेले किंवा बेल्टवर तेल दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका. एरवी ६० हजार ते १ लाख किमीच्या दरम्यान बदलावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

मापाचा बेल्ट

बेल्टच्या पाठीवर ६पीके१५५५ असं काही छापलेलं असतं. ६ म्हणजे रिब सहा, पीके हा रिबचा प्रकार आणि १५५५ ही मिलिमीटरमधली लांबी. एकाच मॉडेलमध्ये एसी असलेली आणि नसलेली, पेट्रोल आणि डिझेल, अशा प्रत्येकीचा बेल्ट निराळा असू शकतो. तेव्हा नुसतं गाडीचं नाव सांगून बेल्ट नेऊ नका. चॅसी नंबर आणा, आणि शक्य असेल तर जुना बेल्टही. जुना किंचित ताणलेला असतो, त्यामुळे दोन्ही शेजारी धरल्यावर थोडा फरक दिसणारच. बोटभर फरक दिसला तर मात्र माप चुकलंय.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण गार हवं. किल्ली काढा, बटण स्टार्ट असेल तर रिमोट घरात ठेवा, आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. इंजिन गरम असेल तर बंद गाडीतही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. आडव्या इंजिनच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत बेल्ट वरून नीट दिसत नाही. त्या बाजूचं पुढचं चाक आणि चाकामागचं प्लॅस्टिक काढावं लागतं. गाडी जॅकवर उचलली की खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावाच. इंजिनचं माउंटिंग सोडल्याशिवाय बेल्ट निघत नसेल तर ते काम गॅरेजवाल्याकडेच द्या.

जुना बेल्ट काढण्याआधी मोबाइलवर त्याच्या मार्गाचे दोन-तीन फोटो काढा. बोनेटखाली आकृतीचं स्टिकर असलं तरी काढा. एकदा बेल्ट निघाला की तो कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या पुलीच्या खालून जात होता ते आठवत नाही, आणि एका पुलीवर उलटा चढवला तर वॉटर पंप उलट्या दिशेने फिरतो.

ऑटो टेन्शनर (स्प्रिंगच्या जोरावर बेल्ट ताणून धरणारी पुली) असेल तर लांब दांड्याचा पाना लावून तो बेल्ट सैल होईल त्या दिशेने सावकाश फिरवा. काहींना तो सैल स्थितीत धरून ठेवायला पिन अडकवायचं भोक असतं. पाना झटक्यात सोडू नका. स्प्रिंग जोरदार असते, बोटं चेमटतात.

बेल्ट निघाला की लगेच नवा चढवू नका. प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) आवाज न करता फिरायला हवेत. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. वॉटर पंपाजवळ कूलंटचे वाळलेले डाग आहेत का तेही पाहा. नवा बेल्ट महिन्याभरात ओरडतो तेव्हा दोष बहुधा इथेच असतो. तेल गळत असेल तर आधी गळती थांबवा, पुल्या पुसून कोरड्या करा.

नवा बेल्ट चढवताना रिबची बाजू खाचांच्या पुलीवर आणि सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. हाताला सोपी असलेली गुळगुळीत पुली शेवटी ठेवा. मग प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. सर्रास होणारी चूक म्हणजे बेल्ट एक खाच बाजूला बसणं. वरून बघून ते कळत नाही, आणि अशा बेल्टची कड थोड्याच वेळात उसवते. न्यूट्रलमध्ये क्रँक बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवा आणि पुन्हा तपासा. हत्यारं बाहेर काढली ना, तेही.

टेन्शनर नसून अल्टरनेटर सरकवून ताण द्यायचा असेल तर दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने साधारण १० किलोचा दाब द्या. बेल्ट किती दबायला हवा ते पुस्तकात मिमीमध्ये दिलेलं असतं. आवाज नको म्हणून जास्त ताणू नका, अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं जातात. नवा बेल्ट बसतो तसा सैल होतो. पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून ताण पुन्हा बघा, आणि २००-३०० किमीनंतर परत एकदा.

काही गाड्यांत टेन्शनरही नसतो आणि ताण द्यायचा बोल्टही नसतो. तो स्ट्रेच बेल्ट. स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवला तर आतले धागे तुटतात. त्याला खास टूल लागतं.

तरीही आवाज येत असेल तर

इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवून, रिबच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. साबण, मेणबत्ती किंवा स्प्रे मारून आवाज दोन दिवस दबतो, पण त्यावर धूळ चिकटते आणि बेल्ट लवकर जातो.

बिल आणि खोका जपून ठेवा. एकदा पुलीवर चढलेला बेल्ट परत घेता येत नाही, तेव्हा मापाची शंका असेल तर ती काउंटरवरच मिटवून घ्या.