'फाउंडेशन'च्या आगेमागे

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, हे सातारकरांना सांगायला नको. म्हणूनच अमेरिकन विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' या पुस्तकमालिकेची सुरुवात इथल्या वाचकाला जरा ओळखीची वाटते. मोडकळीला आलेलं साम्राज्य, आणि राजधानीपासून लांब, आकाशगंगेच्या पार कडेला ज्ञानकोश रचत बसलेली विद्वान मंडळी. (पुढे तो ज्ञानकोश निव्वळ निमित्त ठरतो. वाईकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

मुळात ही मालिका आखलेली नव्हतीच. 1 ऑगस्ट 1941ला 21 वर्षांचा असिमॉव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून संपादक जॉन कॅम्पबेलकडे निघाला होता आणि डोक्यात एकही कथा नव्हती. जवळच्या पुस्तकात एका संगीतिकेतल्या शिपायाचं चित्र दिसलं. शिपायावरून फौजा, फौजांवरून साम्राज्यं. रोमच्या ऱ्हासाचा गिबनकृत इतिहास तर त्यानं दोनदा वाचलेला. कॅम्पबेलला कल्पना इतकी आवडली की त्यानं एका कथेऐवजी मालिकाच मागितली. 1942 ते 1950 या काळात 'अस्टाउंडिंग' मासिकात आठ कथा आल्या आणि 1951 ते 1953मध्ये त्यांची तीन पुस्तकं झाली. गंमत म्हणजे आपण जे प्रकरण सर्वांत आधी वाचतो, ते पुस्तकासाठी सर्वांत शेवटी लिहिलेलं आहे.

कथेचा कणा म्हणजे कथेतल्या हॅरी सेल्डन या गणितज्ञाचं 'मनोइतिहास' हे शास्त्र, म्हणजे माणसांच्या प्रचंड समूहांचं भविष्य गणितानं वर्तवणं. साम्राज्य कोसळल्यावरचा अंधारकाळ आखूड करायची योजना सेल्डन त्यावरच आखतो. असिमॉव्ह रसायनशास्त्राचा माणूस; वायूचा एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण अख्ख्या वायूचं वागणं सांगता येतं, हे त्यानं माणसांना लावलं. माउलींची पालखी लोणंदहून फलटणला कधी पोचेल हे आधीच ठाऊक असतं. त्यातला एखादा वारकरी चहाला कुठे टेकेल, ते कोण सांगणार? मग कॅम्पबेलनंच हट्ट धरला की सेल्डनची योजना फसली पाहिजे. त्यातून 'म्यूल' जन्मला, म्हणजे योजनेच्या कुठल्याच हिशेबात न बसणारा एक विलक्षण माणूस, आणि माझ्या मते मालिकेत खरा जीव तिथे आला.

त्यानंतर तीस वर्षं सामसूम. पुढे प्रकाशकानं नेहमीच्या दहापट आगाऊ रक्कम देऊ केली, तेव्हा असिमॉव्हनं जुनी पुस्तकं पुन्हा काढली. वाचताना त्यालाच वाटलं, यात घडत काहीच नाही, माणसं नुसती बोलतात! तरी 1982चं चौथं पुस्तक तडाखेबंद खपलं, त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. 1986च्या पाचव्यात त्यानं आपल्या यंत्रमानवांच्या कथा या इतिहासाला जोडल्या. तो सांधा मला अजून खटकतो. 1988चं पुस्तक सेल्डनच्या तरुणपणाचं. 1992ला असिमॉव्ह गेला आणि शेवटचं पुस्तक 1993ला, त्याच्या माघारी आलं.

साताऱ्यात राजवाडा चौपाटीवर भेळ खाताना आम्हा मित्रांचा वाद ठरलेला: घटनाक्रमानं वाचायचं की प्रकाशनाच्या क्रमानं? घटनाक्रम म्हणजे 1988च्या पुस्तकापासून सुरुवात. आमच्यातल्या एकानं ते केलं. यंत्रमानवांचं रहस्य त्याला पहिल्याच पुस्तकात कळून चुकलं, आणि पाचव्याच्या शेवटाला आम्ही उडालो तेव्हा तो शांतपणे शेव वेचत होता.