सातारा संस्थान व कंपनी सरकार

ईस्ट इंडिया कंपनीने तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर साताऱ्याच्या छत्रपतींना एक राज्य तोडून दिले आणि सुमारे ३० वर्षांनी ते परत घेतले. १८१८ ते १८४९ या काळात या दोघांत एकही लढाई झाली नाही. तहाची कलमे, रेसिडेंटचे (दरबारी राहणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीचे) अहवाल, गुप्त चौकशी आणि विलायतेला पाठवलेले अर्ज एवढ्यावरच सगळे निभावले. मोठी सत्ता लहान शेजाऱ्याला कसे जखडून ठेवते, हे पाहायला म्हणूनच साताऱ्याचे दप्तर फार उपयोगाचे आहे.

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशवा बाजीराव दुसऱ्याच्या छावणीत असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज कुटुंबासह इंग्रजांच्या हाती आले. कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्यांना एप्रिलमध्ये गादीवर बसवले. त्यामागे हिशेब होता. पेशव्याला पदच्युत करायचे, पण छत्रपतींचा मान राखला असे दाखवून मराठा सरदारांना बाजीरावापासून फोडायचे. उत्तरेस नीरा, दक्षिणेस वारणा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेकडे पंढरपूर-विजापूरच्या बाजूचा मुलूख अशी नव्या राज्याची हद्द ठरली.

२५ सप्टेंबर १८१९ चा तह हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा. महाराजांनी व त्यांच्या वारसांनी कंपनीच्या अंकित राहून, तिच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने राज्य करावे, असे त्यात होते. तेवढे अपेक्षितच होते. खरा फास पाचव्या कलमात होता. परकी सत्ता, इतर राजे, किंवा तहाने त्यांच्या ताब्यात न दिलेले सरदार व जहागीरदार यांच्याशी महाराजांनी कसलाही संबंध वा पत्रव्यवहार ठेवायचा नाही. घरातल्या सोयरिकीसाठी बोलणी करायची झाली, तरी ती रेसिडेंटमार्फतच! हे कलम तहाचा पाया असून ते मोडल्यास तहाने मिळालेले सर्व काही जाईल, असेही बजावले होते. पुढे महाराजांवर आलेला जवळजवळ प्रत्येक आरोप याच कलमाचा होता.

सुरुवातीची वर्षे गोडीत गेली. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट (पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ) याने कारभार आपल्या हाती ठेवला आणि १८२२ मध्ये तो पूर्णपणे महाराजांकडे सोपवला. महाराजांनी रस्ते बांधले, शहरात पाणी आणले, पाठशाळा काढली, छापखाना घातला. महाबळेश्वर इंग्रजांना हवेच होते. १८२९ मध्ये वाईजवळचे खंडाळा घेऊन महाराजांनी ते दिले आणि तिथे माल्कमपेठ वसली.

बिनसले ते जहागीरदारांवरून. अक्कलकोट, भोर, औंध, जत, फलटण आणि वाईचे शेख मिरे यांना तहाने साताऱ्याच्या ताब्यात दिले होते, पण त्यांची हमी कंपनीने घेतली होती. वारस नसलेली जहागीर कोणाकडे परत यायची? महाराज म्हणत आमच्याकडे, मुंबई सरकारला ते मान्य नव्हते. कंपनीच्या लंडनच्या संचालक मंडळाने १८३५ च्या अखेरीस महाराजांच्या कारभाराची वाखाणणी करणारे पत्र आणि रत्नजडित तलवार पाठवली, तीही मुंबई सरकारने त्यांच्या हाती पडू दिली नाही.

आसपासचे लोकही एकदिलाचे नव्हते. मराठे व कायस्थ प्रभू हे क्षत्रिय आहेत की नाहीत या वादात महाराज मराठे-प्रभूंच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि इंग्रजांच्या मर्जीतले बाळाजीपंत नातू यांनी विरोधाची आघाडी उघडली. सांगलीकरांनी १८१९ मध्ये कंपनीशी स्वतंत्र तह केलेला होता. त्यांच्यावर साताऱ्याची हुकमत नव्हती. कृष्णाकाठची ही दोन संस्थाने एकमेकांविरुद्ध जे काही करत, त्याची दाद शेवटी इंग्रजांच्याच दारी लागत असे. रेसिडेंटला याहून सोयीचे ते काय असणार?

१८३६ मध्ये महाराजांवर कंपनीच्या पलटणीतल्या हिंदी अधिकाऱ्यांना फितवल्याचा आळ आला आणि त्याची गुप्त चौकशी बसली. मागाहून गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. जवळ धड फौज नसलेला राजा पोर्तुगीजांच्या मदतीने इंग्रजांना हुसकावणार, ही कल्पना त्या वेळच्या अनेक इंग्रजांनाही हास्यास्पद वाटली. चौकशीत स्वतः बसलेला रेसिडेंट लॉडविक (महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट त्याच्याच नावाचा) पुढे महाराजांच्या बाजूने बोलू लागला. मुंबईचा गव्हर्नर जेम्स कारनॅक ऑगस्ट १८३९ मध्ये साताऱ्यास आला. तह मोडल्याची कबुली लिहून द्या, गादी राहील, अशी त्याची अट होती. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरमध्ये लॉडविकच्या जागी आलेला रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याने त्यांना राजवाड्यातून उचलले, काही काळ लिंब येथे ठेवले आणि काशीला पाठवून दिले. गादीवर धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब बसले.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडले. संचालक, पार्लमेंटचे सभासद, भागधारकांच्या सभा असे सगळे दरवाजे त्यांनी ठोठावले. जॉर्ज थॉम्सन व जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक बोललेही, पण निकाल फिरला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले.

शहाजींनी मात्र इंग्रजांना तक्रारीला जागा दिली नव्हती. एप्रिल १८४८ मध्ये मृत्युसमयी त्यांनी दत्तक घेतला. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याचे मत, तहात वारसांचा उल्लेख आहे, तेव्हा दत्तक मान्य करावा. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते फेटाळले. दत्तकाला सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी, हा त्याचा कायदेशीर मुद्दा. मुंबई इलाख्यातल्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मधोमध हा मुलूख पडतो, हा त्याच टिपणातला दुसरा. दुसरा अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. १८४९ मध्ये राज्य खालसा झाले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याच्या धोरणाखाली गिळलेले हे पहिलेच संस्थान.

१८५७ मध्ये रंगो बापूजींनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ते निसटले आणि पुन्हा कधीच सापडले नाहीत; त्यांचा मुलगा सीताराम याच्यासह १७ जणांना ८ सप्टेंबरला गेंडामाळावर ठार करण्यात आले. ज्यांच्यावरून पहिली ठिणगी पडली त्या जहागिरींपैकी औंध, फलटण, भोर, जत व अक्कलकोट यांना कंपनीने आणि नंतर ब्रिटिश सरकारने हात लावला नाही. सांगलीप्रमाणेच तीही १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चालू राहिली.