एव्हा स्मिथ : न दिसणारी, पण निष्क्रिय नव्हे

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकात जिच्या आत्महत्येची चौकशी होते, ती एव्हा स्मिथ रंगमंचावर एकदाही येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच ती केवळ परिस्थितीची मूक बळी आहे, असा समज वर्षानुवर्षे रूढ झाला आहे. संहिता मात्र वेगळेच सांगते. उद्योगपती बर्लिंग यांच्या कारखान्यात सरासरी साडेबावीस शिलिंग आठवडी मजुरी मिळत असताना पंचवीसची मागणी करणाऱ्या संपाच्या चार-पाच म्होरक्यांपैकी ती एक होती, आणि मुकादम तिला बढती देण्याच्या विचारात होता, हे खुद्द बर्लिंगच कबूल करतात. पुढे बर्लिंग यांचा मुलगा आणि तिच्या होणाऱ्या बाळाचा बाप एरिक याने दिलेले पैसे चोरीचे असल्याचे कळताच, गरोदर आणि निराधार असतानाही, ती ते नाकारते; त्याचे आपल्यावर प्रेम नाही हे ओळखून लग्नालाही नकार देते. ज्या घरात मालकाचा मुलगाच पैशांची अफरातफर करतो, तेथे नैतिक विवेक कामगार मुलीकडे असावा, हा योगायोग खचितच नव्हे.

दुसरी गफलत चौकशीसाठी बर्लिंग यांच्या घरी आलेल्या इन्स्पेक्टरकडील एव्हाच्या छायाचित्राबाबतची. ते सर्वांनी पाहिले असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात इन्स्पेक्टर एका वेळी एकालाच छायाचित्र दाखवतो, आणि बर्लिंग यांचा होणारा जावई जेराल्ड व एरिक यांना तर दाखवतच नाही. म्हणूनच ती एकच मुलगी होती की अनेक, हा जेराल्डचा प्रश्न शेवटपर्यंत निकाली निघत नाही.