आजोबांच्या पदवीवर ‘आग्रा’ कसं?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत एक समज अजून फिरतो: आजोबांच्या पदवीवर आग्रा लिहिलंय, म्हणजे ते आग्र्याला राहून शिकले, कारण इथे तेव्हा कॉलेजच नव्हतं.

कॉलेज होतं; होळकर कॉलेज तर १८९१ पासून. नव्हतं ते विद्यापीठ. ते १९६४ मध्ये आलं. कागदावर शहराचं नाव ठसठशीत असतं, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. पण १८५७ मध्ये आपल्याकडे पहिली विद्यापीठं निघाली ती मुख्यतः परीक्षा घेऊन पदवी देण्यासाठी. शिकवायचं काम संलग्न कॉलेजांचं, मग ती शेकडो मैलांवर का असेनात. आग्र्याचं विद्यापीठ १९२७ चं, आणि इंदूरचं कॉलेज त्याला जोडलेलं होतं. वडोदऱ्याच्या १९४९ पूर्वीच्या पदव्यांवर मुंबई दिसते तीही याचमुळे. या समजापायी इथल्या प्राध्यापकांचं श्रेय पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पडताळायचं तर पदवीचं भेंडोळं पुरत नाही. ट्रंकेत कॉलेज सोडल्याचा दाखला सापडतो का बघा. कॉलेजचं नाव त्यावर असतं. दाखला नसेल तर कॉलेजच्या प्रवेश-नोंदवहीची चौकशी करा. एखादे आजोबा खरंच आग्र्याला गेलेही असतील. तेही तिथेच कळेल.